दोन मिलीच्या खाली

मुलं तिला थुंकीबाई म्हणत आणि तिची त्याला हरकत नव्हती. दंत रुग्णालयाच्या बालविभागात, एक्स-रेच्या खोलीला लागून असलेल्या लांबट खोलीत ती तेरा वर्षं मुलांना थुंकायला सांगत आली होती. जगातल्या झाडून सगळ्या बायका मुलांना थुंकू नका म्हणतात, आपल्याच नशिबी उलटं काम आलं, असं ती नव्या परिचारिकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकत असे. हसायचं तेवढं एकदाच हसून घ्या, मग कामाला लागा.

काम साधं होतं. मुलाला खुर्चीत बसवायचं, बिनचवीच्या मेणाचा एक तुकडा चघळायला द्यायचा, हातात रेघा आखलेला पारदर्शक कप द्यायचा. लाळ गिळायची नाही, कपात थुंकायची. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं झाली की थांबायचं, फेस बसू द्यायचा आणि रेघ वाचायची. धडधाकट मुलाचा कप पाच मिलीपर्यंत जाई. कुणाचा सहा, कुणाचा सात. मग ती रजिस्टरात आकडा लिही.

दोन मिलीच्या खाली कप राहिला, तर मात्र ती आकडा लिहीत नसे. तिथे ती ‘असहकार्य’ असा शब्द लिही आणि कप ओतून टाकी. हा नियम कुणी वरून पाठवलेला नव्हता. पहिल्याच वर्षी तिने तो स्वतः केला होता. त्या वर्षी मुलं रडायची, लाळ गिळून टाकायची, मेण खिशात घालायची, एकाने तर कप डोक्यावर उपडा केला होता. मोठ्या डॉक्टरांच्या अभ्यासासाठी आकडे जमवायचे होते आणि असले आकडे त्यात घालणं म्हणजे दुधात मिठाचा खडा टाकणं. मोठे डॉक्टर खूश झाले. नियम शहाणपणाचा आहे म्हणाले आणि तो छापील सूचनांमध्ये गेला. पुढे त्यांचा लेखही प्रसिद्ध झाला: मुलांच्या दातांच्या किडीशी लाळेचा फारसा संबंध दिसत नाही, खरी कारणं दोनच, गोड खाणं आणि घरच्यांचं दुर्लक्ष. लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात थुंकीबाईंचे आभार होते. तो कागद तिने घरी कपाटाच्या दारावर आतून चिकटवला होता.

एक दहा वर्षांची मुलगी आपल्या मावशीबरोबर या खोलीत तिसऱ्यांदा आली, तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. मावशी शर्टांच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर होती. दिवसाला बाराशे काजं पाडणाऱ्या बाईची असते तशी तिची नजर होती, बारीक आणि घाईची. तिने पिशवीतून एक पाकीट काढलं आणि थुंकीबाईच्या टेबलावर ठेवलं.

“हे वाचा,” ती म्हणाली. “तुमचं अक्षर आहे का यात, तेवढं सांगा.”

पाकिटात बालकल्याण कार्यालयाचं पत्र होतं. मुलीच्या काकाने तिचा ताबा मागितला होता. आठ दात किडलेले, तेही दोन वर्षं दवाखान्याच्या फेऱ्या चालू असताना, यावरून मावशीच्या घरी मुलीची हेळसांड होते असं त्याचं म्हणणं होतं. सोबत रुग्णालयाच्या जुन्या तपासणीची प्रत जोडली होती. त्यात दोन ठिकाणी, वर्षभराच्या अंतराने, थुंकीबाईच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता. त्या शब्दाखाली काकाने लाल शाईने रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं: मूल डॉक्टरांचंही ऐकत नाही, वळण लागलेलं नाही. सुनावणी येत्या गुरुवारी होती. रुग्णालयाने त्याआधी नवा अहवाल द्यायचा होता आणि त्या अहवालावर मुलगी कुठे राहणार ते ठरणार होतं.

थुंकीबाईने शब्द पुन्हा वाचला. तो तिने रजिस्टरासाठी लिहिला होता. कुणाच्या घरावर लाल शाई फिरवण्यासाठी लिहिला नव्हता. पण अक्षर तिचंच होतं, त्यात वाद नव्हता.

मावशीने मग सगळं सांगितलं, आवाज न चढवता, एखाद्या गिऱ्हाइकाला माप सांगावं तसं. मुलगी तिच्या धाकट्या बहिणीची. बहीण आजारी पडली, नवरा परागंदा झाला, आणि मावशीला कळलं तेव्हा अडीच वर्षांच्या पोरीचं वजन आठ किलोसुद्धा नव्हतं. बहीण त्याच महिन्यात गेली. तेव्हापासून मुलगी मावशीकडे. दात किडायला लागल्यावर मावशीने घरातली साखर बंद केली. साखरेचा डबा मी असा हद्दपार केलाय, ती म्हणाली, की मुंग्यासुद्धा कंटाळून दुसरीकडे राहायला गेल्या. दोन वेळा दात घासणं, समोर उभं राहून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. तरी दर सहा महिन्यांनी एक नवा दात जायचा आणि डॉक्टर दर वेळी तिलाच विचारायचे, मुलीला गोड किती देता?

“आणि ही तुमच्या कपात थुंकते,” ती म्हणाली. “मी शेजारी उभी असते. ही सांगितलेलं करते हो. फक्त येत नाही.”

मावशी मुलीला बदक म्हणून हाक मारत होती. थुंकीबाईने सहज विचारलं, बदक का? तर मुलगीच म्हणाली, “मला घासाला घोट लागतो म्हणून.” पाण्याचा पेला ताटाशेजारी नसला की तिचा घास खाली उतरत नसे. बदक कसं दाणा पाण्यात बुडवून खातं, तशी. मावशी आधी रागवायची, मग थकून तिने नाव ठेवलं.

तेरा वर्षांत थुंकीबाईने अनेक मुलांना घड्याळ लावून बसवलं होतं. त्या सकाळी प्रथमच तिने घड्याळाचं काम मावशीवर सोपवलं आणि स्वतः स्टूल ओढून मुलीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली. मुलगी चघळू लागली. थुंकीबाई तिच्या गळ्याकडे बघत होती. गिळलं की गळ्यावर एक उंचवटा वर जातो आणि खाली येतो, लहान मुलाचासुद्धा, लपवता येत नाही. एक मिनिट गेलं. जबडा चालू होता, गालाची हाडं हलत होती, मुलगी थोडंसं कपात सोडून पुन्हा चघळत होती. तीन मिनिटं गेली. गळा हलला नाही. पाच मिनिटं झाली, मावशीने हात वर केला, आणि गळा एकदाही हललेला नव्हता.

कपात दीड मिली होतं.

थुंकीबाईचा हात सवयीने पेनाकडे गेला आणि रजिस्टरावर थांबला. इतकी वर्षं ती घड्याळाकडे बघत आली होती. गळ्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

नव्या डॉक्टरांना तिने बोलावून आणलं आणि मावशीने सांगितलेलं त्यांच्या कानावर घातलं. त्या वर्षभरापूर्वीच विभागात आल्या होत्या, वयाने थुंकीबाईच्या लेकीएवढ्या, आणि अजून प्रत्येकाला काय, का विचारत असत, म्हणून सिनियर मंडळी त्यांना टाळत. त्यांनी मुलीचा वरचा ओठ बोटाने हलकेच उचलला आणि पुढच्या दोन दातांवर दिवा धरला.

दातांवर आडवी खाच होती, नखाने ओढल्यासारखी. दोन्ही दातांवर, एकाच उंचीवर.

डॉक्टरांनी मावशीला समजावून सांगितलं. हे पक्के दात मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत दिसत नाहीत, पण त्यांचं वरचं टणक आवरण हिरडीच्या आत आधीच तयार होत असतं, जन्मानंतरच्या काही महिन्यांपासून चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत, टोकाकडून हिरडीकडे, थरावर थर. त्या काळात मुलाच्या पोटात अन्न गेलं नाही, तर तेवढा थर कच्चा राहतो आणि तो डाग जन्मभर दातावर दिसतो. लाळेच्या ग्रंथींचंही तसंच. त्या वाढायच्या वयात उपासमार झाली, तर त्या पुऱ्या वाढत नाहीत. पुढे मूल चांगलं खाऊ लागलं, उंची-वजन भरून आलं, तरी लाळ कमीच पडत राहते. आणि लाळ म्हणजे काही नुसतं पाणी नाही. खाल्ल्यावर तोंडात तयार होणारं आम्ल धुणारी, दाताला झालेली बारीक इजा भरून काढणारी तीच. ती नसली की साखर बंद करून अर्धंच काम होतं.

“म्हणजे चूक माझी नाही?” मावशीने विचारलं.

नव्या डॉक्टरांनी भिंग मावशीच्या हातात दिलं आणि दिवा थोडा वर सरकवला. “खाचेच्या खालचं टोक बघा, नीट आहे. तिची आई तेव्हा बरी असणार. मग ही खाच. आणि खाचेच्या वर, हिरडीपर्यंत? काचेसारखं गुळगुळीत. ते तुमच्या घरी आल्यानंतरचं आहे.”

मावशी भिंगातून बघत राहिली. मग तिने भिंग टेबलावर ठेवलं आणि मुलीला म्हणाली, तोंड मीट आता, माशी जाईल.

दुपारी थुंकीबाईने लोखंडी कपाट उघडलं. तेरा रजिस्टरं खाली काढली आणि पट्टी लावून प्रत्येक पानावर तो एक शब्द शोधत गेली. दोनशे चौदा मुलं निघाली. प्रत्येकाच्या नावापुढे उंची आणि वजन होतं, कारण तेही तीच लिहीत असे. ती काही डॉक्टर नव्हती, पण तेरा वर्षं मुलांना वजनकाट्यावर उभं करणाऱ्या बाईला आठ वर्षांच्या मुलाची उंची किती असते ते कळतं. या मुलांतली निम्म्याहून अधिक बुटकी होती. रडणारी, मेण खिशात घालणारी थोडी असतीलच त्यांत. पण ज्यांच्याबद्दल हा अभ्यास व्हायला हवा होता, त्यांनाच तिने वेचून वेचून बाहेर काढलं होतं, आणि उरलेल्यांच्या भरलेल्या कपांवरून लेख लिहिला गेला होता.

मोठे डॉक्टर सहा महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते, फक्त त्यांना नीटनेटकेपणाची फार आवड होती. ते म्हणाले, मुलीची लाळ कमी आहे असं आज लिहू. पण मागची दोन पानं कार्यालयाकडे आहेतच. समोरचा विचारेल, दोनदा सहकार्य नव्हतं आणि तिसऱ्यांदा, नेमक्या सुनावणीच्या तोंडावर, कसं आलं? आणि मग एकट्या त्या मुलीचा प्रश्न उरणार नाही, पूर्ण अभ्यासावर बोट येईल.

“नियम तुमचाच होता,” ते म्हणाले.

“माझाच होता,” थुंकीबाई म्हणाली. “म्हणून मीच जाऊन सांगते.”

त्यांनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. शेवटी अहवालावर सही केली. खाली एक ओळ वाढवली: मागील नोंदींचा खुलासा संबंधित कर्मचारी समक्ष करतील. तिला वाटलं, ही सही म्हणजे आपल्याला एकटीला पुढे ढकलणं आहे. मग वाटलं, ढकललं तर ढकललं, दार तरी उघडलं.

गुरुवारी बालकल्याण कार्यालयाच्या खोलीत एक लांब टेबल, सहा खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा होता. अधिकारीबाई डोळ्यांवर चष्मा आणि कपाळावर दुसरा अशा बसल्या होत्या. मावशी आणि मुलगी एका बाजूला, काका दुसरीकडे.

काका बाहेरून आलेला दुष्ट माणूस असेल असं थुंकीबाईने मनात धरून ठेवलं होतं. तो तसा नव्हता. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करून प्रमाणित करून देण्याचा त्याचा धंदा होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला छोटा स्क्रू-ड्रायव्हर. त्याला मूल नव्हतं. तो महिन्यातून एकदा पुतणीला भेटायला येई आणि ती हसली की दर काही भेटींनी त्याला आणखी एक किडका दात दिसे. माझं भांडण नाही कुणाशी, तो अधिकारीबाईंना म्हणाला, पण माझ्या भावाची मुलगी आहे, आणि जे डोळ्यांना दिसतं ते दिसतं.

थुंकीबाईने उभं राहून सांगितलं. अहवालातलं सांगितलं, खाचेचं सांगितलं आणि मग आपल्या नियमाचं. दोन मिलीच्या खालच्या मुलांना मी असहकार्य लिहीत आले, ती म्हणाली. ती मुलं गिळतात असं मी धरून चालले. बघितलं नाही. या मुलीबद्दलचा तो शब्द खोटा आहे आणि तो मी लिहिला आहे.

अधिकारीबाईंनी दोन्ही चष्मे काढले. काकाने थोडं थांबून विचारलं, आणि त्याच्या आवाजात वाद नव्हता, धंद्याची चिकित्सा होती:

“बाई, तेव्हा चुकलं म्हणता. मग आज बरोबर कशावरून? आम्ही काट्याबद्दल शंका आली की एकच वजन दोनदा टाकत नाही. त्याच काट्यावर दुसरं, माहितीतलं वजन टाकतो. काटा खोटा की माल कमी, ते लगेच कळतं.”

“मग टाका,” मावशी म्हणाली. “तुम्हीच बसा. तोंड तर चालतंच आहे.”

अधिकारीबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. थुंकीबाईच्या पिशवीत कप आणि मेण होतंच, सोळा आणे सवय. तिने एक तुकडा काकाला दिला, एक मुलीला, आणि नियम सांगितला. मग तिने काकाला पुतणीच्या समोर बसवलं आणि म्हणाली, तुम्ही तिच्या गळ्याकडे बघा. ती गिळते का, ते तुम्हीच सांगा. वेळ अधिकारीबाईंनी लावली.

ती पाच मिनिटं मोठी विचित्र होती. इस्त्रीच्या शर्टातला माणूस गंभीरपणे चघळत होता, कपात थुंकत होता, रुमालाने ओठ टिपत होता आणि पुन्हा चघळत होता. आणि सबंध वेळ त्याची नजर दहा वर्षांच्या मुलीच्या गळ्यावर होती. मुलगीही त्याच्याकडेच बघत होती. मध्येच तिला त्याच्या चघळण्याचं हसू आलं, पण तिने कप खाली ठेवला नाही. खोलीत पंखा आणि दोन जबडे एवढेच चालू होते.

वेळ झाली. फेस बसू दिला. थुंकीबाई कपांना हात न लावता मागे सरकली आणि काकाला म्हणाली, तुम्हीच वाचा.

त्याने दोन्ही कप टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, वाकला, डोळा रेघेच्या पातळीत आणला, जसा तो रोज आणत असे. त्याचा स्वतःचा कप सात मिलीच्या वर होता. मुलीचा दीडला पोचला नव्हता.

“गिळलं?” अधिकारीबाईंनी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “एकदाही नाही.”

तो तसाच वाकलेला राहिला. मग त्याने, कपांकडेच बघत, विचारलं की हे अडीच वर्षांच्या आतलं आहे, असंच ना? थुंकीबाईने हो म्हटलं. तो म्हणाला, त्या वर्षी मी एकदा भावाच्या घरी गेलो होतो. पोरगी दारात बसली होती. काटकुळी होती. आमच्या घराण्यात सगळे काटकुळेच, म्हणून मी काही बोललो नाही. दहा मिनिटं थांबलो आणि निघालो.

मावशीला बोलायला जागा होती, पण तिने मुलीच्या ओठांवरचा फेस पदराने पुसला.

“हे भरून येतं का पुढे?” त्याने विचारलं.

पूर्ण नाही, असं नव्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि थुंकीबाईने तेच सांगितलं. उरलेले दात वाचवता येतात. त्यांच्या खाचा बुजवायच्या, दर तीन महिन्यांनी औषधाचा लेप द्यायचा, पाणी सतत जवळ, जेवणाच्या मध्ये अरबटचरबट नाही. आणि ती घासाला घोट घेते, ते घेऊ द्यायचं. ती खोड नव्हे, मुलीने स्वतःच शोधलेला उपाय आहे.

मावशीने मुलीकडे पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

काकाने अर्ज त्याच टेबलावर मागे घेतला. लाल रेघ मारलेला कागद त्याने फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला. निघताना तो मावशीला म्हणाला, दर तीन महिन्यांनी दवाखान्यात तुमची मजुरी बुडते, तिला मी घेऊन जात जाईन. मावशी म्हणाली, या. पण येताना तो बिस्किटांचा पुडा आणता ना, तो तुमच्या काट्यावर ठेवून या.

शुक्रवारी थुंकीबाईने छापील सूचनांमधली दोन मिलीची ओळ पट्टी लावून खोडली आणि नव्या डॉक्टरांकडून समासात सही घेतली. घरी गेल्यावर कपाटाच्या दारावरचा कागद काढला. मग त्या दोनशे चौदा मुलांचे जुने पत्ते घेऊन ती आणि नव्या डॉक्टर दोघी मिळून पत्रं लिहू लागल्या. बरीचशी परत आली, लोक घरं बदलतात. महिनाभराने एक वीस-एकवीस वर्षांची तरुणी पत्र हातात घेऊन दारात उभी राहिली. तिचे पुढचे चारही दात बसवलेले होते. ते झाकायला ती बोलताना तोंडापुढे हात धरत होती.

ती म्हणाली, मला आठवतं, या खोलीत मी आले होते. तेव्हा आईने घरी जाऊन खूप मारलं होतं. बाईंचं ऐकलं नाहीस म्हणून. माझं नक्की काय चुकलं होतं?

थुंकीबाईने रजिस्टर उघडून तिचं पान काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

“तुम्ही थुंकला होतात,” ती म्हणाली. “मी लिहिलं नाही. बसा, आज लिहिते.”

आणि तिने स्टूल जवळ ओढलं.